इस्त्रीचा शर्ट आणि बॅन्जो

‘गाणाऱ्याच्या कपड्यांकडे काय पाहायचं, गाणं ऐकावं.’ हे वाक्य इतकं समंजस वाटतं की त्यावर कुणी हरकत घेत नाही. अमेरिकेतल्या ब्लूग्रास महोत्सवांच्या जगात मात्र याच वाक्याच्या आधारानं एक जुना वाद पुन्हा पुन्हा अर्ध्यावर मिटवला जातो. मंचावर चढणाऱ्या वादकानं सूट-टाय घालावा, जीन्स आणि टी-शर्टवर यावं, की जुन्या खेड्यांची आठवण देणारी डंगरी आणि गवती हॅट चढवावी, हा तो वाद. कुणीतरी वरचं वाक्य उच्चारतं, बाकीचे मान डोलावतात आणि विषय संपतो.

तो इतक्यात संपू नये. ब्लूग्रासच्या मंचावरचे कपडे हा संगीताबाहेरचा विषय कधीच नव्हता. या संगीताच्या पहिल्या पिढीनं सूट घातला, तो आपल्या माणसांवर चढवलेलं एक सोंग उतरवण्यासाठी. ही गोष्ट ध्यानात घेतली की आजच्या वादकानं काय घालावं याचं उत्तरही बऱ्यापैकी स्पष्ट होतं. माझ्या मते त्याला तीन अटी आहेत. पोशाख समोर बसलेल्या श्रोत्यापेक्षा एक पायरी अधिक नेटका असावा. तो वादकाच्या स्वतःच्या आयुष्यातला असावा. आणि त्यानं कुणाच्या गरिबीची नक्कल करू नये. या अटींत सूटची सक्ती नाही. गबाळेपणा मात्र त्यांत बसत नाही, आणि खेडवळपणाचं नाटक तर मुळीच बसत नाही.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंटकी राज्यातल्या रोझीन गावात १९११ साली जन्मलेले बिल मन्रो हे ब्लूग्रासचे जनक मानले जातात. त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरूनच प्रकाराला नाव पडलं. मँडोलिन, पाच तारांचा बॅन्जो, फिडल, गिटार आणि उभा बास अशी पाच वाद्यं. ढोल नाही, मूळ घडणीत विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. गळा उंच पट्टीतला, लय धावती, आणि प्रत्येक वादक पाळीपाळीनं पुढे येऊन आपला तुकडा वाजवतो. डिसेंबर १९४५मध्ये बॅन्जोवादक अर्ल स्क्रग्ज मन्रोंकडे आले आणि या संगीताला आज ओळखतो तो आकार मिळाला.

१. आधी सूट होता, डंगरी नंतर आली

सर्वसाधारण समजूत अशी की डोंगराळ भागातले हे वादक मुळात साध्या, फाटक्या, शेतातल्या कपड्यांत वाजवत. पुढे शहरात आले, पैसा मिळाला, तसे ते सुटाबुटात गेले. म्हणून डंगरी म्हणजे मूळ आणि सूट म्हणजे नंतरचा मुलामा. व्यावसायिक मंचापुरतं बोलायचं तर इतिहास बरोबर उलटा आहे.

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावर नोव्हेंबर १९२५मध्ये एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून प्रसिद्ध झाला. केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचं होतं आणि कार्यक्रमाचे सूत्रधार होते जॉर्ज हे (Hay), मूळचे इंडियानाचे वृत्तपत्रकार. सुरुवातीच्या छायाचित्रांत या कार्यक्रमातले वादक कोट, टाय, चकचकीत बूट अशा वेशात दिसतात. छायाचित्र काढायचं, लोकांसमोर वाजवायचं, म्हणजे घरातला सर्वांत चांगला पोशाख घालायचा, हे कुठल्याही खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. काही वर्षांनंतरच्या छायाचित्रांत मात्र तीच माणसं डंगरी, चौकटीचे शर्ट आणि वाकड्यातिकड्या टोप्या घालून उभी आहेत. हा बदल जॉर्ज हे यांनी घडवला. त्यांनी वाद्यवृंदांची नावंही बदलली. डॉ. हम्फ्री बेट हे व्हँडरबिल्ट विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतलेले, व्यवसाय करणारे डॉक्टर. त्यांच्या वाद्यवृंदाला जॉर्ज हे यांनी ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे पॉसम नावाचा जंगली प्राणी मारत फिरणारे, असं नाव दिलं. दुसऱ्या एका वृंदाचं नाव दारूच्या बरणीवरून ठेवलं. शहरातल्या माणसाला खेडूत जसा असावासा वाटतो, तसा तो मंचावर उभा करण्यात आला.

या वेशाची मुळं आणखी मागे जातात. एकोणिसाव्या शतकातल्या मिन्स्ट्रेल खेळांत गोरे नट तोंडाला काळं फासून, ठिगळं लावलेले कपडे घालून आणि हातात बॅन्जो घेऊन काळ्या गुलामांची टिंगल करत. बॅन्जो हे पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांपासून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं वाद्य. ते गोऱ्यांच्या करमणुकीच्या मंचावर आलं तेच या वेशासोबत. पुढे टिंगलीचा विषय बदलला. काळ्या गुलामाच्या जागी अ‍ॅपलाचियन डोंगरातला गरीब गोरा आला. ठिगळं, बावळट हसू आणि बॅन्जो तसेच राहिले. ज्याला आज कुणी ‘अस्सल’ पोशाख म्हणून मिरवतो, त्याच्या मागे एवढी परंपरा उभी आहे. ती ठाऊक असूनही तो घालावासा वाटत असेल तर माझं बोलणं खुंटलं. पण बहुतेकांना ती ठाऊक नसते.

२. मन्रोंनी केलेली निवड

ऑक्टोबर १९३९मध्ये बिल मन्रो ऑप्रीत दाखल झाले. तेव्हा तिथे खेडवळ वेशाची पद्धत रुळलेली होती. मन्रो स्वतः शेतकरी कुटुंबातले, लहानपणीच आईवडिलांविना झालेले, तरुणपणी शिकागोजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हलवण्याचं काम केलेले. डंगरीवर हक्क सांगायचाच असता तर त्यांच्याइतका तो दुसऱ्या कुणाला नव्हता. त्यांनी आपल्या वादकांना पांढरे शर्ट, टाय, घोडेस्वाराच्या तुमानी, उंच बूट आणि चांगल्या हॅट घालायला लावल्या. १९४०च्या दशकातल्या छायाचित्रांत ब्लू ग्रास बॉइज केंटकीतल्या घोड्यांच्या मोठ्या मळ्यांचे मालक असावेत असे दिसतात. दशकाच्या शेवटी तुमानी गेल्या आणि साधे सूट आले. हॅट राहिली.

या निवडीत संगीताचाच एक दावा होता. मन्रोंचं वादन अवघड होतं. त्यांनी मुद्दाम चढ्या पट्ट्या निवडल्या, लय वाढवली, प्रत्येक वादकाकडून तयारी मागितली. हे संगीत गंमत म्हणून ऐकू नका, कसबी माणसाचं काम म्हणून ऐका, असं ते सांगत होते. ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जर गवताची काडी चघळणारा बावळट माणूस उभा असेल, तर कान कितीही चांगले असले तरी तो आधी हसणार. हसू थांबवण्यासाठी कपडे बदलणं भाग होतं.

मन्रोंच्या, तसंच पुढच्या वृंदांत विदूषकही असे, हे इथे मान्य केलं पाहिजे. बासवादक कधीकधी ढगळ पँट घालून आणि दात काळे करून विनोद करी. मन्रोंकडे बॅन्जो वाजवणारे डेव्हिड अकमन उर्फ स्ट्रिंगबीन पुढे गुडघ्यापर्यंत लांब शर्ट आणि खाली आखूड पँट अशा चमत्कारिक वेशासाठीच प्रसिद्ध झाले. पण त्या मांडणीत एक जण वेश घेतलेला आणि चार जण सुटातले असत. विनोद कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते प्रेक्षकाला दिसे. सगळेच डंगरीत आले की ती रेघ पुसली जाते आणि वाजवणंसुद्धा विनोदाचा भाग होऊन बसतं.

लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज १९४८मध्ये मन्रोंना सोडून स्वतंत्र झाले. दोघांनीही गिरण्यांत काम केलेलं. त्यांचा नेहमीचा पोशाख म्हणजे सूट, हॅट आणि दोरीसारखा बारीक टाय. १९६२च्या सप्टेंबरमध्ये ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. अचानक श्रीमंत झालेल्या गावंढळ कुटुंबाची ती विनोदी कथा, आणि तिच्या शीर्षकगीतावर वाजत होता स्क्रग्ज यांचा बॅन्जो. त्याच वर्षी ८ डिसेंबरला फ्लॅट आणि स्क्रग्ज न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होते. एकाच संगीताच्या दोन प्रतिमा अमेरिकेपुढे एकाच हंगामात आल्या. पहिली कोट्यवधी घरांत पोचली, दुसरी एका सभागृहात. दहा वर्षांनी ‘डिलिव्हरन्स’ चित्रपटानं तर डोंगरातल्या बॅन्जोवाल्या मुलाला भीतीचं चिन्ह करून टाकलं. त्या दृश्यात ऐकू येणारा बॅन्जो वाजवला होता एरिक वाइसबर्ग यांनी, न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या आणि जुलियार्ड संगीतशाळेत शिकलेल्या वादकानं. ऐकू येत होतं कसब, दिसत होती कुरूप केलेली गरिबी. कान आणि डोळा यांच्यात डोळा किती सहज जिंकतो याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

३. साधेपणा कुणाला परवडतो

आता जीन्स आणि टी-शर्टकडे येतो. हा पक्ष डंगरीवाल्यांपेक्षा कितीतरी सभ्य आहे आणि त्याचं म्हणणंही सरळ आहे: आम्ही सोंग घेत नाही, जसे आहोत तसे येतो.

वॉशिंग्टन शहराच्या परिसरात १९७१ साली ‘सेल्डम सीन’ हा वृंद उभा राहिला. त्यातले गायक जॉन स्टार्लिंग शल्यविशारद, बॅन्जोवादक बेन एल्ड्रिज गणिती, बासवादक टॉम ग्रे नकाशे तयार करणारे. आठवडाभर प्रतिष्ठित नोकऱ्या, आठवड्यातून एक संध्याकाळ वादन. ही मंडळी मंचावर सैल, घरगुती कपड्यांत येत, विनोद करत, मोकळेपणानं बोलत, आणि त्यांचं संगीत फार सुंदर होतं. दिवसभर टाय लावणाऱ्या माणसाला टाय काढण्यात मोकळीक वाटणार, यात काही खोटं नाही.

पण हीच मोकळीक लेस्टर फ्लॅट यांना उपलब्ध होती का? केंटकी, व्हर्जिनिया, टेनेसीतली हजारो कुटुंबं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे डेटन, डेट्रॉइट, बाल्टिमोर अशा शहरांत कारखान्यांत कामाला गेली. तिथे त्यांच्या बोलण्याची, चालण्याची, कपड्यांची चेष्टा झाली. रविवारी ब्लूग्रास ऐकायला येणारा श्रोता हाच होता. आपल्यातलाच एक माणूस इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ मानेनं, कुणाला जमणार नाही असं काही वाजवतो आहे, हे पाहणं त्याच्यासाठी गाण्याइतकंच मोलाचं होतं. चुरगळलेल्या कपड्यांत लोकांसमोर उभं राहिलं तरी आपला मान कमी होणार नाही, हा विश्वास सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. डॉक्टरकडे तो असतो, कारण त्याचा मान दुसरीकडे सुरक्षित असतो. गिरणीतल्या कामगाराला तो मंचावरच कमवावा लागतो.

म्हणून ‘जसे आहोत तसे’ हे तत्त्व वाटतं तितकं सर्वांना समान नाही. डेल मॅक्कुरी तरुणपणी पेनसिल्व्हेनियात लाकूडतोडीचं काम करत आणि सुट्टीच्या दिवशी वाजवत. १९६३मध्ये ते मन्रोंच्या वृंदात होते. आज ऐंशी ओलांडल्यावरही ते आणि त्यांचे मुलगे सूट घालून, केस व्यवस्थित बसवून मंचावर येतात. ‘जसे आहोत तसे’ असंच म्हणायचं असतं तर त्यांनी लाकूडतोड्याचे कपडे घालायला हवे होते. ते सूट घालतात, कारण वादक म्हणून ते तसेच आहेत. माणूस शेतात जसा असतो तोच खरा आणि मंचावर जसा असतो तो खोटा, ही विभागणी कुणी केली? कष्टकऱ्याच्या बाबतीतच आपण ती इतक्या सहज का करतो?

४. उघड्यावरचा मंच

आतापर्यंतचं विवेचन इतिहासाचं झालं. महोत्सवाच्या मंचाची रचनाही कपड्यांवर काही भार टाकते.

सलग काही दिवसांचा पहिला ब्लूग्रास महोत्सव कार्लटन हॅनी यांनी १९६५च्या सप्टेंबरमध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसलजवळ घोड्यांच्या एका मळ्यावर भरवला. मन्रोंनी इंडियानातल्या बीन ब्लॉसम इथे १९६७पासून स्वतःचा महोत्सव सुरू केला. साचा तेव्हाच ठरला आणि बराचसा तसाच टिकला आहे: मोकळं मैदान, लाकडी मंच, घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या, मागे तंबू आणि गाड्यांचा तळ. वादन सकाळपासून रात्रीपर्यंत चालतं. म्हणजे निम्मे वृंद लख्ख उन्हात वाजवतात. प्रकाशयोजना नाही, पडदा नाही, धूर नाही. ढोलांचा मनोरा नाही की वाद्यांच्या पेट्यांची भिंत नाही. पाच माणसं आणि पाच लाकडी वाद्यं, एवढंच दृश्य. रॉकच्या मंचावर जे काम पन्नास दिवे करतात ते इथे पाच माणसांच्या उभं राहण्यावर आणि पोशाखावर येतं.

एका मायक्रोफोनभोवती वाजवण्याच्या पद्धतीत हे आणखी तीव्र होतं. फिडलवाला पुढे सरकतो, मँडोलिनवाला खांदा वळवून वाट देतो, गाणारे तिघं डोकी जवळ आणतात आणि लगेच पांगतात. कुणाचा स्वर मोठा, कुणाचा लहान, हे अंतरावरच ठरतं. मॅक्कुरींचा वृंद यात निष्णात आहे; डॉयल लॉसन यांचा ‘क्विकसिल्व्हर’ही होता. अशा हालचालीत कपड्यांची एकसंधता डोळ्याला मदत करते. पाच जण एकच शरीर असल्यासारखे दिसतात आणि त्यातून पुढे आलेला एक जण ठळक होतो. एकाच्या टी-शर्टवर पेयाची जाहिरात, दुसऱ्यावर फुलाफुलांची नक्षी, तिसरा अर्ध्या चड्डीत, असं असलं की डोळा भलतीकडेच भटकत राहतो.

ब्लूग्रासच्या समतावादी स्वभावावर बोट ठेवून इथे एक चांगला आक्षेप घेतला जातो. मंचामागच्या तळावर रात्रभर मैफली रंगतात. समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी अनेक जण स्वतः वाजवतात. मग मंचावरच्यानं वेगळं का दिसावं?

मला वाटतं, समता जपायची जागा तळावर आहे. तिथे नावाजलेला वादक जुन्या जीन्समध्ये येऊन अनोळखी पोराशेजारी बसतो आणि त्याची लय सांभाळून घेतो, हे ब्लूग्रासचं खरं वैभव. मंचाचा करार वेगळा आहे. तिथे शेकडो माणसं तिकीट काढून, उन्हात बसून, आपलं बोलणं थांबवून एका वृंदाला पाऊण तास देतात. त्या वेळेचा मान राखला आहे हे दिसावं, एवढीच अपेक्षा. कार्यक्रम संपल्यावर टाय सोडून तळावर जावं. कपडे बदलण्याची ती कृतीच दोन्ही जागांना आपापला अर्थ देते.

५. उरलेले आक्षेप

सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द अर्ल स्क्रग्ज यांच्या आयुष्यातून येतो. १९६९मध्ये फ्लॅट यांच्यापासून वेगळे झाल्यावर त्यांनी मुलांबरोबर ‘अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू’ काढला, केस वाढवले, हॅट आणि टाय सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध झालेल्या प्रचंड सभेत त्यांनी वाजवलं. ज्यांनी सूटची प्रतिष्ठा घडवली त्यांनीच तो उतरवला, मग बाकीच्यांनी का धरून बसावं?

मी याचं उत्तर असं देतो. स्क्रग्ज यांनी तेव्हा संगीतही बदललं. विजेवरची वाद्यं आली, ढोल आले, मुलांच्या पिढीची गाणी आली. नव्या संगीताला नवा पोशाख शोधला गेला. ‘कपड्यांचा काय संबंध’ असं मानणारा माणूस जुनेच कपडे चालू ठेवतो. स्क्रग्ज यांना संबंध पुरेपूर माहीत होता. १९७१मध्ये सॅम बुश आणि साथीदारांनी काढलेल्या ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’बद्दलही हेच. लांब केस आणि जीन्स पाहून अनेक जुने श्रोते बिथरले, पण ती जीन्स त्या मुलांच्या स्वतःच्या आयुष्यातली होती आणि ते जे वाजवत होते त्याच्याशी तिचा मेळ होता. माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीत ते पूर्ण उतरतात. खटकतो तो पन्नास वर्षांनंतरचा त्यांचा अनुयायी. तो पारंपरिक चालीत पारंपरिक गाणी वाजवतो आणि जीन्स मात्र बंडखोरी म्हणून घालतो. ज्या काळी टाय न लावणं धाडसाचं होतं तो काळ गेला. आज सगळं जग टी-शर्टवर आहे.

बिली स्ट्रिंग्ज यांचं नाव इथे निघणारच. मिशिगनमध्ये वाढलेले, १९९२ साली जन्मलेले हे गिटारवादक आज मोठमोठी क्रीडागृहं भरवतात, हातभर गोंदण आणि बहुधा साधा टी-शर्ट. त्यांच्या मंचावर दिव्यांचा प्रचंड खेळ असतो. दुपारी तीनला उन्हात वाजवणाऱ्या वृंदाला तो आसरा नाही. शिवाय त्यांची बोटं जे करतात त्यापुढे श्रोता सगळं विसरतो. अशी बोटं असलेल्याला नियम सांगण्यात अर्थ नाही; त्याचं उदाहरण पुढे करून बाकीच्यांनी सवलत मागण्यातही नाही.

दुसऱ्या टोकाला जुन्या काळाची हौस आहे. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या २००० सालच्या चित्रपटाच्या गाण्यांनी हे संगीत नव्या श्रोत्यांपर्यंत नेलं आणि २००२मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळवला. रॅल्फ स्टॅन्ली यांच्यासारख्या थोर गायकाला उतारवयात त्यामुळे मान मिळाला, याचा मला आनंद आहे. पण त्यामागोमाग महामंदीच्या काळातले वेस्टकोट, पट्ट्याच्या पँटी आणि मळक्या टोप्या यांची लाट आली. १९३२ सालच्या बेकाराचे कपडे आज दुकानातून चढ्या भावानं विकत घेऊन घालणं मला सहन होत नाही. तसे कपडे घालणाऱ्या आजोबांनी पहिली संधी मिळताच ते उतरवले होते.

याउलट कोलोरॅडोच्या ‘हॉट राइझ’ची रीत मला फार आवडते. हा वृंद १९७८पासूनचा. चौघं सुटात आणि जुन्या नक्षीदार टायमध्ये ब्लूग्रास वाजवत. मग कार्यक्रमाच्या मध्यावर आत जात आणि काउबॉयच्या भडक वेशात ‘रेड नकल्स अँड द ट्रेलब्लेझर्स’ या दुसऱ्याच वृंदाच्या नावानं परत येऊन जुनी कंट्री गाणी गात. सोंग आहे हे उघड, त्याला नाव वेगळं, संगीत वेगळं. कुणाची फसवणूक नाही आणि कुणाची टिंगलही नाही.

६. ऊन, घाम आणि लॅकर

उन्हाळ्याचा आक्षेप व्यावहारिक आहे, म्हणून त्याला व्यावहारिक उत्तर. जुलैत नॉर्थ कॅरोलिनात लोकरीचा कोट घालावा असं कुणी म्हणत नाही. सुती किंवा लिननचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, चांगली पँट आणि पॉलिश केलेले बूट एवढ्यात पहिली अट पुरी होते.

पूर्ण बाह्या मी मुद्दाम म्हणतो. जुन्या गिटारांवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ लेप असतो, तर मन्रोंच्या १९२३च्या गिब्सनसारख्या मँडोलिनींवर व्हार्निश. उघड्या हाताचा घाम तासन्‌तास लागला की दोन्ही लेप धुरकटतात आणि मऊ पडतात. मध्ये कापड असलं की वाद्य वाचतं. पट्ट्याचं मोठं बक्कल गिटारच्या पाठीवर ओरखडे काढतं. ते टाळावं किंवा बाजूला सरकवावं. कोट घालायचाच तर बाहीवरची बटणं वाद्याच्या पुढच्या भागाला घासणार नाहीत हे पाहावं. बॅन्जोवाल्यानं उजवी बाही सैल ठेवू नये. ती तारांत जाते. हॅट शोभते, पण एका मायक्रोफोनभोवती तिघांच्या हॅटच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि भर दुपारी चेहऱ्यावर सावली पडून गाणाऱ्याचे डोळे दिसत नाहीत. कड आखूड असावी किंवा हॅट नसावी.

७. ही प्रतिष्ठा कुणाची?

माझ्या भूमिकेतली सर्वांत कच्ची जागा ही आहे. सूट हा पुरुषांचा, आणि ब्लूग्रासच्या बाबतीत बहुतांशी गोऱ्या पुरुषांचा पोशाख. त्याच्याभोवती प्रतिष्ठेची कल्पना बांधली की बाकीचे बाहेर राहतात.

बायका या संगीतात पहिल्यापासून आहेत. सॅली अ‍ॅन फॉरेस्टर १९४३ ते १९४६ या काळात मन्रोंच्या वृंदात अकॉर्डियन वाजवत. पण बायकांना मंचावर दिलेला पोशाख बहुधा चौकटीच्या कापडाचा झालरी-झालरींचा फ्रॉक असे, म्हणजे गावाकडची गोड मुलगी. पुरुषांनी ज्या सोंगातून सुटका करून घेतली त्याचंच हे स्त्रीरूप. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगार कुटुंबातल्या हेझल डिकन्स बाल्टिमोरच्या कारखान्यांत राबल्या आणि अ‍ॅलिस जेरार्ड यांच्यासोबत १९६५मध्ये पहिला अल्बम काढला. त्यांनी खाणींवर, बाईच्या कष्टांवर गाणी केली. त्या गाण्यांना तो फ्रॉक कसा शोभला असता? मॉली टटल यांना २०१७मध्ये गिटारवादनासाठी आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. लहानपणापासून अ‍ॅलोपेशियामुळे त्यांना केस नाहीत. त्या कधी वेगवेगळ्या रंगांचे विग घालतात, तर कधी भर कार्यक्रमात विग काढून ठेवून वाजवतात. नेटकेपणा आणि स्वतःच्या आयुष्याशी इमान या दोन्ही अटी इतक्या धैर्यानं पाळणारा दुसरा वादक मला दिसत नाही. सूटशी त्यांचा काही संबंध नाही.

काळ्या वादकांसाठी तिसरी अट सर्वांत महत्त्वाची ठरते. मन्रोंवर ज्यांचा खोल प्रभाव होता ते केंटकीतले गिटार आणि फिडलवादक अर्नोल्ड शुल्ट्झ काळे होते, खाणीत काम करत. त्यांच्या नावानं २०२०मध्ये निधी उभारला गेला, ही फार उशिरा झालेली गोष्ट. आज बॅन्जो हाती घेऊन मंचावर येणाऱ्या काळ्या तरुणाशेजारी एखादा गोरा वादक ठिगळांच्या वेशात उभा असेल, तर मिन्स्ट्रेलचा सगळा इतिहास त्या दोघांमध्ये उभा राहतो, त्या गोऱ्या वादकाला तो दिसो वा न दिसो.

८. आयोजकांचं काम

यावरून काहींना महोत्सवांनी पोशाखाचे नियम करावेत असं वाटतं. मला ते मान्य नाही. नियम आला की वादक तो पाळतो आणि विचार करणं सोडतो. भाड्याचा कोट घालून आलेला माणूस डंगरी घातलेल्या माणसाइतकाच उसना दिसतो. निर्णय वृंदाचा असावा आणि वृंदात त्यावर बोलणं व्हावं, जसं गाण्यांच्या क्रमावर होतं.

आयोजकांनी सोयी कराव्यात. अनेक छोट्या महोत्सवांत वृंद शेकडो मैलांवरून गाडी हाकत येतात आणि गाडीच्या मागच्या बाकावर शर्ट बदलून थेट मंचावर चढतात. मंचामागे आडोशाची एक खोली, निदान उभं राहता येईल असा तंबू, आरसा, इस्त्री, हात-तोंड धुवायला पाणी, आणि बायकांसाठी वेगळी जागा, एवढं तरी हवं. मंचावर छप्पर असं असावं की दुपारच्या उन्हात वादकाच्या अंगावर सावली राहील, म्हणजे पूर्ण बाह्या ही शिक्षा ठरणार नाही. आणि जाहिरातीच्या फलकांवरून गवताच्या पेंढ्या, अनवाणी पोरं आणि फुटक्या बरण्या काढून टाकाव्यात. वादकाला नेटकं यायला सांगायचं आणि प्रवेशद्वारावर त्याचं व्यंगचित्र टांगायचं, हे यापुढे तरी थांबवावं.